गळ्याजवळचं बटण

"शर्टाची बटणं कोण लावतं?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"ही लावते," तिचा नवरा म्हणाला आणि कौतुक झाल्यासारखा हसला.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी त्याला भराभर मूठ उघडायला-मिटायला सांगितली. दहा सेकंदांत वीसदा व्हायला हवी होती. अकराव्याला बोटं अडखळली.

मग पडद्यावर मान आली. चाळीस वर्षं ड्रॉइंग बोर्डावर वाकून नकाशे काढलेली मान. मणक्यांमधल्या चकत्या झिजलेल्या आणि त्यांच्यामागे मज्जारज्जू चेपलेला, दारात सापडलेल्या वायरीसारखा.

"हात त्यानेच बोथट झालेत. ऑपरेशनने रज्जूला जागा होईल, पुढचं बिघडणं थांबेल. गेलेलं किती परत येईल, आज सांगता येत नाही. पण थांबलात, तर चालणंही जाईल." डॉक्टरबाई तिच्याकडे वळल्या. "बटणं कधीपासून लावताय?"

"आठ महिने झाले," ती म्हणाली.

पुतणीच्या लग्नाला निघताना तो हनुवटी वर करून तिच्यासमोर उभा राहिला होता. "लाव ना जरा." तीस वर्षांत कधी नाही ते! दुसऱ्या दिवशी पुन्हा उभा. मग रोजच. निवृत्त माणूस, जाणार कुठे, तर कोपऱ्यावर पेपर आणायला. पण अंगात कडक इस्त्रीचा शर्ट. खालून वर सहा बटणं. त्यापायी तिची ग्रंथालयाची बस दोनदा चुकली. ती कुरकुरली, पण बटणं सावकाशच लावत राहिली. जावेला तिने फोनवर सांगितलंसुद्धा, "यांना म्हातारपणी प्रेमाचं भरतं आलंय गं."

"आधी डोळे तपासून घे भावजींचे," जाऊ म्हणाली होती.

तपासायला हवी होती मान. ती इकडे लाजत होती आणि तिकडे त्याचे हात जात होते. म्हणजे ते प्रेमबीम काही नव्हतंच. नुसती गरज.

संमतीपत्रावर सही करायला त्याला फार वेळ लागला. तिने कागद धरला नाही. खिडकीबाहेर बघत राहिली.

"मानेला पट्टा असेल," नर्सने बजावलं. "डोक्यातून घालायचं काही आणू नका. समोर उघडणारे शर्टच आणा."

घरी येऊन तिने कपाट उघडलं. वरच्या फळीवर शर्ट. खालच्या फळीवर गोल गळ्याचे टी-शर्ट. लेक दर वाढदिवसाला पाठवायची ते. नऊ होते. निवृत्तीनंतर घरीदारी तो त्यातच वावरायचा. आता त्यांच्या घड्यांना कपाटाचा वास लागला होता. धुणं तिच्याच हातचं; तरी गेल्या आठ महिन्यांत एकही टी-शर्ट बादलीत आला नव्हता, हे तिच्या आत्ता लक्षात आलं. दवाखान्यासाठी भरायची पिशवी तशीच टाकून ती पलंगाच्या कडेला बसून राहिली.

ऑपरेशन झालं. घरी सोडायच्या दिवशी मूठ चौदापर्यंत पोचली. पट्ट्यामुळे हनुवटी आयतीच वर होती. ती खालून वर बटणं लावत गेली आणि गळ्याजवळच्या बटणाशी थांबली.

"अहो, कपाटात नऊ टी-शर्ट पडून होते. ते घातले असते, तर माझी बस नसती चुकली."

त्याला मान हलवता येत नव्हती. त्याने नुसते डोळे खाली वळवले, तिच्याकडे.

"त्यांना बटणं कुठे असतात?"