मळ्यातली माती

"सडकं रोप दिलंस, मावशे!" संपतभाऊंनी मोगऱ्याची कुंडी बयाबाईच्या पुढ्यात आदळली. "सुनेनं हौसेनं गॅलरीत लावलं व्हतं."

बेल्ह्याचा बाजार भरात होता. बयाबाईकडची रोपं निवडत असलेल्या दोन बायकांनी हातातली रोपं हळूच खाली ठेवली. ते तिला दिसलं. इथे एकदा नाव गेलं की पुढच्या बाजारी कोणी थांबत नाही.

तिने मातीत बोट खुपसून नाकाशी नेलं. कुजका वास होता.

"पानी किती घालता?"

"रोज तांब्याभर. पानं पिवळी पडल्यापासून दोन."

"खत?"

"युरिया. मूठभरच."

"उसाला फेकता तसा?"

मागे कोणीतरी फिसकन हसलं.

बयाबाईने कुंडी पालथी करून बुडावर थाप मारली. काळ्या मातीचा अख्खा गोळा बाहेर आला. कडेची मुळं तपकिरी, बुळबुळीत झाली होती.

"मी पिशवीत दिलेली माती कुठं गेली?"

"तो डोंगरातला पाचोळा? फेकला. ही आमच्या मळ्यातली हाय. असली माती तालुक्यात न्हाई."

"न्हाईच," बयाबाई म्हणाली. "लोणीच्या तळ्यातला गाळ हाय ह्यो. तुमच्या वडलांनी मळ्यात भरला. पाट्या आमी वाहिल्या. मी परकरात व्हते तवा."

संपतभाऊंनी वाकून तो काळा गोळा बोटांनी चाचपला.

"शेतात ही लई गुणाची. कुंडीत पानी धरून बसती, मुळं गुदमरत्यात. वरनं तुमचा युरिया."

तिने सडकी मुळं कापून टाकली. आत एक पांढरं मूळ निघालं. विटेचे तुकडे, वाळू, कुजलेला पाला घालून तिने रोप पुन्हा बसवलं.

"दोन पेरं बोट घाला. कोरडं लागलं तरच पानी. पालवी फुटस्तवर खत न्हाई."

"आन् न्हाई जगलं तर, मावशी?"

"तर पुढल्या बाजारी हितंच आणून आपटा. समद्यांच्या देखत. मी काय पळून जात न्हाई."

एका बाईने खाली ठेवलेलं रोप परत उचललं. "मला ह्ये दे. आन् त्या मातीची पिशवी पन."

संपतभाऊ कुंडी उचलायला वाकले.

"थांबा, भाऊ." बयाबाई जमिनीवर सांडलेली काळी माती हाताने ओढून गोळा करू लागली. बारीक कणसुद्धा तिने सोडला नाही. मग भरली ओंजळ तिने वर धरली. "ही मळ्यात न्या."

संपतभाऊंनी खांद्यावरचा पंचा काढला आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे पसरला.