थंड हवेचं स्थळ

पोहे संपत आले तरी लग्नाचा विषय निघाला नव्हता.

मुलीचे वडील श्यामराव चिखलदऱ्याबद्दलच विचारत होते. ते मूळचे परतवाड्याचे. खडकीच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून पुण्यात आले आणि निवृत्त झाल्यावर धायरीत फ्लॅट घेऊन इथलेच झाले. लहानपणी शाळेची सहल घाट चढून चिखलदऱ्याला जायची. धुकं अजून तसंच पडतं का, कॉफी लावतात का, वाघ दिसतो का?

ज्ञानदेव एकेकाचं उत्तर देत होता. मेळघाटचं जंगल पाहायला येणारे लोक त्याच्याच गावात, चिखलदऱ्यात, मुक्काम करायचे. घराला लागून त्यानं पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या होत्या, दारात जंगलात न्यायची जिप्सी होती. असली उत्तरं त्याला झोपेतही देता आली असती. झोप तर आलीच होती. रात्रभर बसमध्ये अवघडून तो आईबरोबर मुलगी पाहायला आला होता.

त्याच्या आईनं, कौशल्याबाईंनी, मध्येच सांगून पाहिलं, पोरगं कमावतं हाय, कसलं व्यसन नाई. त्यावर मुलीच्या आईनं, शैलाताईंनी, त्यांना आणखी पोहे वाढले.

अमरावतीच्या मुलीला अमरावती सोडायची नव्हती. अकोल्याच्या मुलीला पुण्याचाच मुलगा हवा होता. हिचं मूळ तरी आपल्याकडचं आहे, असं म्हणत आईनं त्याला इथवर आणलं होतं.

शेवटी श्यामरावांनाच आठवलं. त्यांनी दोघांना गॅलरीत बोलायला पाठवलं.

खाली सोसायटीच्या टाकीत टँकर रिकामा होत होता. पूर्णिमा हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत होती. तुमच्याकडे पाण्याचा त्रास नसेल ना, असं तिनं विचारलं. उन्हाळ्यात आमच्याकडेही टँकरच, असं त्यानं खरं ते सांगितलं. इंटरनेटचं विचारलं तेव्हा तो म्हणाला, मोबाईलचा टॉवर बिघडला तर दुरुस्तीला माणूस अमरावतीहून येतो, आणि धुकं असलं तर तोही येत नाही. ती हसली. तिच्या हसण्यात टिंगल नव्हती. ज्ञानदेवला पहिल्यांदाच वाटलं, जमेल कदाचित.

"तुम्ही मला आवडलात, खोटं कशाला बोलू," ती म्हणाली. "पण मी तिथे दिवसभर काय करणार? तुम्हीच इकडे या ना. आमच्या कंपनीला गाड्या पुरवतात ना, त्यांना चांगले ड्रायव्हर मिळतच नाहीत."

तिनं हे मनापासून सुचवलं होतं. त्यामुळे त्याला चिडताही येईना. जिप्सी चालवणं हे आपल्या धंद्यातलं एक काम आहे, आपण ड्रायव्हर नाही, हे सांगायला त्यानं तोंड उघडलं. पण ते ऐकायला कसं वाटेल हे कळून त्यानं ते तसंच मिटलं.

"माझं घर आहे तिकडे," तो एवढंच म्हणाला.

"माझंही इकडे आहे," ती म्हणाली.

दोघं आत आली. त्यांचे चेहरे पाहून कौशल्याबाई पदर सावरून उठल्या. त्यांनी आणलेला खवा शैलाताईंनी आत नेऊन ठेवला होता. रिकामा डबा त्यांनी विसळून, पुसून परत दिला. श्यामराव लिफ्टपर्यंत सोडायला आले. पूर्णिमा दारात उभी राहिली.

"आम्ही विचार करून कळवतो," श्यामराव म्हणाले. कळवतो म्हणजे काय, हे आता मायलेकांना पाठ झालं होतं. लिफ्ट वर येत होती.

"बरं, एक विचारायचं राहिलं," श्यामराव म्हणाले. "डिसेंबरात हिच्या ऑफिसची मंडळी मेळघाटला जायचं म्हणतायत. तुमच्याकडे दोन खोल्या होतील का?"

कौशल्याबाईंनी मुलाकडे पाहिलं. त्याचे ओठ घट्ट मिटलेले होते. पण वर्षानुवर्षं फोनवर सगळ्यांना म्हणत आलेलं वाक्य त्याच्या तोंडून आपोआप निघून गेलं.

"होतील ना. या सगळे. आपलंच घर आहे."

दारातल्या पूर्णिमानं मान खाली घातली.