माईक मोजतोय

नायगावच्या नव्या फ्लॅटमध्ये विघ्नेशने हौसेने होम थिएटर बसवलं. आवाज जुळवायला त्याने सोफ्यावर, बरोबर कानाच्या उंचीला, स्टँडवर छोटासा माईक उभा केला आणि घराला दम भरला, "पंधरा मिनिटं कुणी हूं की चूं करायचं नाही. पंखासुद्धा बंद. माईक मोजतोय!"

स्पीकर आळीपाळीने टुईं टुईं करत राहिले आणि घर घामाघूम होऊन गप्प बसलं. आप्पांनी चहा मागितला नाही, लेक ज्ञानदाने वही शोधायला लावली नाही. बायकोच्या नावाने दर दोन मिनिटांनी उठणारी "सुरुची, अगं सुरुची!" ही हाकही त्या दिवशी थांबली.

पुढच्या रविवारी दुपारी विघ्नेश जूचंद्रहून बोंबील घेऊन आला, तर दारातच लेकीने ओठांवर बोट ठेवलं. "बाबा, श्श! आईने सांगितलंय, माईक मोजतोय." आतमध्ये आप्पा चवड्यांवर चालत होते.

विघ्नेश चक्रावला. मोजणी तर कधीच झाली होती. शिवाय पंखा गरगर फिरत होता.

सोफ्यावर माईक मात्र ऐटीत उभा होता.

 

त्याच्या वायरीचं दुसरं टोक गाढ झोपलेल्या सुरुचीच्या मुठीत होतं.