पटवून देणारा निबंध

‘वाचणाऱ्याला पटलंच पाहिजे, असं लिहा,’ कुलथे बाईंनी नववीच्या वर्गाला बजावलं. बाई प्रार्थना फार गोड म्हणायच्या, म्हणून रेणूनं विषय निवडला: ‘आमच्या बाईंनी शाळा सोडून गाणं का करावं’.

बाईंनी निबंध दोनदा वाचला, दहापैकी दहा दिले, हजेरीपट टेबलावर ठेवला आणि एका ऑर्केस्ट्रात गायला निघून गेल्या.

मुख्याध्यापक भडकले. ‘असं लिहिलंय तरी काय? आण इकडे!’ वाचता वाचता ते मटकन खाली बसले. दुसऱ्या दिवशी शिपाईकाका म्हणाले, ‘सर माळ्यावरचा तबला काढून बाईंच्या मागं गेले गं!’

आता सगळी शाळा रेणूकडे रागानं बघू लागली. तिलाही बाईंवाचून करमत नव्हतं. तिनं रडत रडत दुसरा निबंध लिहिला, ‘बाईंनी परत का यावं’, आणि गणपतीच्या मांडवात कार्यक्रम होता तेव्हा स्टेजमागे जाऊन बाईंच्या हातात दिला.

बाईंनी तो मन लावून वाचला. मग पर्समधून लाल पेन काढलं.

‘मुद्देच नाहीत गं यात,’ त्या हळहळल्या. ‘नुसतं आठवण येते, आठवण येते. कसं पटणार? चार गुण.’

रेणूचे डोळे भरून आले. शेजारी तबला जुळवत बसलेल्या मुख्याध्यापकांना राहवलं नाही.

‘अहो बाई, शुद्धलेखनाचे दोन तरी द्या पोरीला!’

बाईंनी चाराचे सहा केले, रेणूचे डोळे पदरानं पुसले आणि गायला स्टेजवर गेल्या.