मोकळी न केलेली जागा

लॅपटॉप अजून चालूच होता. अण्णांच्या पुण्यानुमोदनाला आलेली माणसं जेवून गेली, सतरंज्या गुंडाळून झाल्या, तेव्हा कुठे धम्मपालचं तिकडे लक्ष गेलं. अण्णा गेले त्या दिवसापासून तो कुणी बंद केलाच नव्हता.

घशाच्या ऑपरेशनमध्ये अण्णांचा आवाज गेला होता. म्हणून धम्मपालने वडिलांसाठी पायथन या संगणकाच्या भाषेत एक छोटा प्रोग्राम लिहिला. अण्णा एका बोटाने टाइप करायचे, सी भाषेतली एक जुनी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या कुणी लिहिलेला तयार कोड, त्याचा आवाज बनवायची आणि तो आवाज भोईवाड्यातल्या त्यांच्या चाळीत अख्ख्या मजल्याला ऐकू जायचा. "कमल, आज आमटीत मीठ आहे, की मिठात आमटी?" शेजारची कीर्ती हसून म्हणायची, "काकी, तुमचं रेडिओ स्टेशन लागलं बघा!" आई चिडायची. दिवसभर हाका. चष्मा दे. पंखा लाव. खिडकी उघड, खिडकी लाव.

दर थोड्या दिवसांनी मात्र लॅपटॉप अडकायचा. कारण धम्मपालला ठाऊक होतं. पायथन स्वतः मेमरीत घेतलेली जागा काम झालं की आपोआप मोकळी करतं. लायब्ररीने घेतलेल्या जागेशी त्याला देणंघेणं नसतं. ती सोडायला लायब्ररीलाच सांगावं लागतं. तेवढी एक ओळ लिहायची राहून गेली होती. त्यामुळे बोललेलं प्रत्येक वाक्य मेमरीत तसंच पडून राहायचं. "रविवारी करतो, अण्णा," म्हणत त्याने कितीतरी रविवार घालवले.

बंद करायला गेलेला त्याचा हात थांबला.

"आई, अण्णांचं बोलणं अजून आहे यात. त्या दिवसाचंसुद्धा."

आई पातेलं पुसत होती. "सगळं राहतं?"

"बंद करेपर्यंत राहतं."

ती पातेलं मांडीवर घेऊन तिथेच बसली. तिला ऐकायचंय, पण तोंडाने म्हणवत नाही, असं त्याला वाटलं. त्या दुपारी ती भाजी आणायला नायगावला गेली होती. परत येऊन पाहते तर अण्णा खुर्चीतच कलंडलेले. त्यांचं शेवटचं बोलणं हुकलं, हे तिच्या मनाला लागलेलं असणारच.

त्याने चालू प्रोग्रामची मेमरी एका फाइलमध्ये उतरवून घेतली. त्यातून आवाजाचे तुकडे वेगळे काढले. हेडफोन लावला आणि शेवटचे काही ऐकले.

"कमल."

"कमल, ये."

"कमल ये ना."

त्या आवाजात घाई नव्हती. चष्मा मागताना असायचा तसाच, सपाट आणि शांत. लायब्ररीला दुसरा आवाज येतच नव्हता. अगदी शेवटच्या तुकड्यात नुसता "क" होता.

धम्मपालने हेडफोन काढला.  मग त्याने फाइल पुसून टाकली आणि लॅपटॉप बंद केला.

"काही नाही, आई. शेवटी त्यांनी काहीच लिहिलेलं नाही. झोपेतच गेले."

आईने पातेलं खाली ठेवलं. बाहेर गॅलरीत कुणाची तरी चप्पल वाजत गेली. 

"नको रे धम्मा," ती म्हणाली. "मी कुठे गेले होते भाजीला? खाली जिन्यात बसले होते, जरा निवांत. एकूण एक हाक ऐकली मी."