हिरवा अहवाल

सूतगिरणीच्या दवाखान्यात साहेबांनी मालन खराडेच्या हातावर पेढा ठेवला. "अभिनंदन! रक्ताचा अहवाल हिरवा आला. हृदयविकाराचा धोका अगदी कमी. म्हणजे अजून दहा वर्षं नोकरी."

मालन अठ्ठावन्न वर्षांची होती. रक्त तपासून निवृत्तीचं वय ठरवायचा कायदा आल्यापासून गिरणीतल्या बायका तपासणीआधी महिनाभर मुद्दाम तळलेलं खायच्या. मालनला ते कधी जमलं नाही.

शेजारी तिची मैत्रीण शमीम मुजावर बसली होती. तिचा अहवाल लाल आला होता, म्हणून तिची पेन्शन आजपासूनच सुरू होणार होती. पण तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. "मालन, मी आता मरणार का गं?"

"अगं, धोका म्हणजे तारीख नव्हे. गोळ्या घे, रोज चालायला जा. मी येते सोबतीला."

"कशा येणार? तुमची सकाळपाळी आहे," साहेब म्हणाले. "तुमचं हृदय अजून खूप चालेल, मालनबाई."

"चालेल की! पण ते कुणासाठी चालवायचं, हे मी ठरवणार. रक्त तपासलंत, मला विचारलंत का?"

"पेन्शन मिळणार नाही मग."

"त्यासाठी भांडेन. पण कामावर येणार नाही."

तिनं पेढा टेबलावर ठेवला आणि शमीमला हात देऊन उठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपाळीचा भोंगा झाला, तेव्हा दोघी नदीकाठच्या रस्त्यानं चालत होत्या. शमीम सवयीनं थबकली.

"थांबू नकोस," मालन म्हणाली. "वाजू दे त्याला."