धूर कुणाचा

हॉटेलच्या चादरी धुणाऱ्या मावशींकडे हॉटेलचा साहेब आला, त्यांच्या लॉन्ड्रीतून किती कार्बन हवेत जातो ते मोजायला. मावशींनी देवाला स्मरून काही लपवलं नाही. विजेची बिलं, बॉयलरच्या डिझेलच्या पावत्या, सगळं पुढ्यात ठेवलं. साहेबानं एकेक आकडा मोबाइलवर कशाकशानं गुणला, बेरीज केली आणि मान हलवली.

“फार होतंय, मावशी. आम्हाला यंदा ‘स्वच्छ हॉटेल’चं प्रमाणपत्र हवंय. पुढच्या महिन्यापासून तुमचं काम बंद.”

मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “अहो, बॉयलर काय मी हौसेनं पेटवते? तुमच्याच चादरींचा धूर आहे हा. आणि माझ्या हाताखालच्या बायकांनी काय हवा खाऊन राहायचं? तीही तुमच्या मते आम्हीच नासवलेली.”

“माझ्या हातात काही नाही. पलीकडच्या शहरात सौरऊर्जेवर चालणारी लॉन्ड्री आहे. रोज ट्रक भरून चादरी तिकडे जातील, धुऊन परत येतील.”

“रोज जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर? मग त्या ट्रकचा धूर?”

 

“प्रमाणपत्राच्या फॉर्ममध्ये फक्त धुलाईचा रकाना आहे, मावशी. ट्रकचा नाहीये,” साहेब समजुतीच्या सुरात म्हणाला.